हलरची ट्रॉली आणि दोन गाड्या

वडिलांचा हलर चाकांवर होता. धान भरडणारे बिडाचे यंत्र, ते फिरवणारे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन, मधला पट्टा आणि कोंडा पडायची पत्र्याची घसरण, हे सगळे एका दोनचाकी ट्रॉलीवर नटबोल्टने घट्ट बसवलेले होते. ट्रॉली जीपच्या मागे हुकला अडकवायची आणि गावोगाव न्यायची. जिथे गिरणी नाही, किंवा गिरणी आहे पण वीज नाही, अशा गावाच्या चौकात ती उभी राही. लोक घरचे धान आणत, तांदूळ घेऊन जात. आमचे गाव सडक अर्जुनीजवळ, हायवेपासून थोडे आत. फेरी देवरीवरून चिचगडच्या बाजूला जंगलातल्या गावांमध्ये जायची. मळणी आटोपली की सुरू होई, ऊन तापू लागले की थांबे.

जीप वडील चालवत, हलरही तेच चालवत. बाकी सगळे आई करी. धान मापून घेणे, नंबर लावणे, भरडाईचा वाटा तांदळातून काढणे, भांडणे मिटवणे. धान आणणाऱ्या बहुतेक बाया असत आणि वडील बायांशी बोलत नसत. पुरुषांशीही फारसे नसत. ते यंत्राकडे पाहत उभे राहत. आई पायलीचे माप मांडीशी घेऊन बसे आणि तिच्याभोवती घोळका जमे.

त्या घोळक्याचे खरे कारण धान नव्हते. त्या भागातल्या मुली त्याच भागात दिलेल्या असत. एका गावची पोरगी चार गावे पलीकडे. मधे जंगल, बस दिवसातून एखादी, फोन नाही. आमची ट्रॉली मात्र ओळीने सगळ्या गावांतून जाई. त्यामुळे माहेरची खबर सासरी आणि सासरची माहेरी आईच्या तोंडून पोचे. कोणाला दिवस गेले, कोणाची म्हैस व्याली, कोणाचा सासरा बरा झाला. निरोप देणारी बाई जसे बोले तसेच आई बोलून दाखवी, रडण्यासकट. मी नागपूरला एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर काम करू लागले तेव्हा तिने माझ्या कामाची चौकशी केली आणि म्हणाली, "म्हंजे माह्याच सारखं. फक्त तुले पगार भेटते."

आईची पाठ एका वर्षी भाताच्या रोवणीच्या दिवसांत गेली. चिखलात पाय घसरून ती बांधावर आपटली. नागपुरात मणक्याचे ऑपरेशन झाले. काही महिन्यांनी ती चालू लागली, बसू लागली. डॉक्टरांनी ओझे उचलायला मनाई केली आणि जीपमध्ये बसण्याचे विचारल्यावर सांगितले की एखादा धक्का चालेल, पण तासन्‌तास थरथरणाऱ्या गाडीत बसू नका. आमची जुनी डिझेल जीप उभी असतानाही थरथरे. आरशात मागचा माणूस ओळखू येत नसे.

त्याच सुमारास जीपची चेसिस हुकच्या जागी तडकली. मिस्त्रीने दोनदा वेल्डिंग केले आणि तिसऱ्यांदा हात जोडले. "काका, आता हिच्या मागं बकरी बांधा. ट्राली नका बांधू."

म्हणजे दुसरी गाडी घ्यावी लागणार होती आणि ती दिवाळीच्या आत. कोणती घ्यायची यावर आई फेरीला जाणार की नाही, हे ठरणार होते. घरात हे कोणी बोलून दाखवले नाही. सगळ्यांना ते माहीत होते.

पाहण्यात दोन गाड्या होत्या. एक देवरीतली डिझेल पिकअप, फार जुनी नाही, एका भाजीवाल्याने वापरलेली. दुसरी गोंदियाच्या एका गॅरेजमध्ये उभी होती. लष्कराच्या लिलावातून आलेली पेट्रोलची वन-टन गाडी, जिला गॅरेजवाल्याने गॅसचे किट बसवले होते. सहा सिलिंडरचे इंजिन. चालू असताना बॉनेटवर हात ठेवला तरच कळे.

वडिलांनी मला बोलावून घेतले. "तू पेपरात हायेस. दहा लोकायले इचार. कोनती ट्राली वढल, ते सांग."

मी विचारले. कोहमाऱ्याच्या फाट्याजवळच्या ढाब्यावर ट्रकवाले थांबत, तिथे एका दुपारी बसले. रायपूरकडचा एक ड्रायव्हर ताटावरून मान वर न करता म्हणाला, "मॅडम, पेट्रोल से ट्राली खींचना मतलब बारात की घोड़ी से हल चलवाना." त्याच्या बाजूला बसलेल्या भंडाऱ्याच्या ड्रायव्हरला ते पटले नाही. "काऊन? सहा सिलिंडर हाय. मिल्ट्रीवाले तोफा वढत होते तिच्यानं."

"मिल्ट्रीवालों का पेट्रोल सरकार भरती थी. इनका कौन भरेगा, तू?"

"गॅस लावला ना बे त्यासाठी."

"तो फिर चढ़ाई पे उतर के धक्का भी तू ही मारना."

यावर ढाब्यातले सगळे हसले. भांडण मिटले नाही, पण दोघांचे म्हणणे एकमेकांच्या फार विरुद्ध नव्हते. गोंदियाच्या गॅरेजवाल्याने आणि पंपांच्या इंजिनांचे काम करणाऱ्या एका मिस्त्रीने तेच वेगळ्या शब्दांत सांगितले. डिझेल इंजिन हळू फिरत असतानाच जोर लावते. ओझे घेऊन चढावर त्याला ओरडावे लागत नाही. पेट्रोलचे इंजिन जोर लावते, पण आधी वेगाने फिरावे लागते आणि तेवढे ते पिते. त्यात गॅस घातला की खर्च कमी होतो, जोरही थोडा कमी होतो. थंडीत सकाळी गाडी आधी पेट्रोलवर सुरू करून गरम होऊ द्यावी, मग बटण गॅसवर करावे. घाई केली तर गॅसचा दाब कमी करणारा रेड्युसर गोठतो. गॅस भरायचा पंप जवळपास नाही. डिझेल मात्र जंगलातल्या किराणा दुकानातही डब्यात मिळते, कारण शेतातली पाण्याची इंजिने त्यावर चालतात.

हे सगळे मी दोन रकान्यांत लिहून वडिलांना दिले. ओढ, खर्च, दुरुस्ती, इंधन कुठे मिळेल. प्रत्येक मुद्द्यापुढे कोणी सांगितले तेही लिहिले. वडिलांनी चष्मा लावून ते अंगणात वाचले, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाले, "यात तुह्या मायबद्दल काई नाई."

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने तपासणी केली. आमच्या धंद्यात पायली शिगोशीग भरतात. वर धानाची टेकडी उभी राहते आणि ती टेकडी टिकवणे हे मापणाऱ्या हाताचे कसब. वडिलांनी आईला देवरीच्या डिझेल गाडीत पुढे बसवले आणि तिच्या मांडीवर शीग लावलेली पायली दिली. भाजीवाला गाडीमालक चक्रावून पाहत राहिला. इंजिन सुरू झाले. गाडी जागेवरून हलण्याआधीच शीग खचू लागली. दाणे आईच्या लुगड्यावर, तिथून पायाशी. ती म्हणाली, "चला ना पुढं, बसल्या बसल्या धान सुकते माहं." वडिलांनी चावी काढून मालकाला परत दिली.

गोंदियाच्या गाडीत शीग टिकली. आई पायली दोन्ही हातांत धरून गॅरेजपासून नागऱ्याच्या देवळापर्यंत आणि परत जाऊन आली. चार दाणे सांडले असतील. गॅरेजवाला खूश झाला. "देखा? बाई, इसमें चाय पी सकते हो."

वडिलांनी हुक बसवून घेतला आणि गाडी त्या हंगामापुरती भाड्याने घेतली. विकत घेतली नाही. कागदावरचे मुद्दे त्यांनी वाचले होते.

पहिल्या फेऱ्या चांगल्या गेल्या. त्या वेळी मी नागपूरला होते. पुढचे काही आईने सांगितलेले आहे, काही वडिलांना विचारून काढलेले. आई पुढच्या सीटवर उशी घेऊन बसे. चढावर गाडी गॅसवर दमली की वडील बटण पेट्रोलवर करत आणि गाडी उठून चालू लागे. गावात शिरताना आवाज कमी येई. बाया म्हणत, "बाई, तुमची गाडी आली का गेली, मालूमच होत नाई." थंडी वाढली तशी सकाळी अडचण येऊ लागली. गॅसच्या रेड्युसरवर पांढरा थर धरे आणि गाडी बंद पडे. त्यावर गरम पाणी ओतणे हा उपाय होता. आई जवळच्या घरून पाणी मागवी. एक म्हातारी वाफाळत्या पाण्याची गुंडी घेऊन आली, वडिलांना इंजिनावर पाणी ओतताना पाहत उभी राहिली आणि आईला म्हणाली, "तुमच्या गाडीले बी आंग धुवाले गरम पानी लागते का वं? आमचा बुडा त थंड्यानंच धुते."

अडचण पाण्याची नव्हती. गॅस नागपूरहून भरून आणावा लागे आणि तो जेवढा पुरे तेवढीच फेरी होई. पुढे पेट्रोलवर जायचे तर ट्रॉलीसकट गाडी इतके पेट्रोल खाई की भरडाईत काही उरत नसे. गॅरेजवाल्याने घरचे सिलिंडर लावायचा सल्ला दिला. सगळेच लावतात म्हणाला. आईने मोडता घातला. "पोरगी पेपरात अन् बाप सिलिंडरच्या केसमंदी. फोटो बी तिलेच छापा लागल."

तेव्हा फेरी आखूड झाली. रस्त्याजवळची गावे राहिली. आतली, शेवटची गावे सुटली. जवळच्या गावांत तोवर विजेच्या गिरण्या आल्या होत्या. त्यांना आमची तशी गरज नव्हती. गरज होती ती सुटलेल्या गावांना.

संक्रांतीच्या सुमारास, फेरी जिथे संपे त्या गावात, एक म्हातारी डोक्यावर धान घेऊन आली. सुटलेल्या गावांपैकी एका गावची, सकाळपासून जंगलातून चालत आलेली. धान थोडेच होते, घरी उखळात सहज कांडता आले असते. तिने ते आईपुढे ठेवले आणि विचारले, "माह्या पोरीची काई खबर हाय का बाई?" तिची मुलगी त्याहून आत, अगदी शेवटच्या गावात दिलेली. त्या मुलीला दिवस गेले होते. आई त्या गावाला दिवाळीपासून गेलीच नव्हती. म्हातारीने तांदूळ बांधून घेतले, पाणी प्याली आणि परत चालू लागली.

परत येताना आईने रिकामी पायली मांडीवर घेतली, असे वडील सांगतात. मग म्हणाली, "डिझलची घ्या."

"मंग तू?"

"मी राहीन घरी."

"मी एकटा तिकडं काय बोलू?"

"आजवर जे बोलले, तेच."

गॅसची गाडी गोंदियाला परत गेली. देवरीची डिझेल गाडी अजून विकली गेली नव्हती. वडिलांनी ती घेतली आणि शेवटच्या गावापर्यंतची फेरी पुन्हा सुरू झाली. ट्रॉली घेऊन गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढे आणि इंजिनचा आवाजही बदलत नसे. त्या निर्णयाबद्दल यंत्राच्या बाजूने काहीही वाईट बोलण्यासारखे नव्हते.

आईच्या बाजूने काय झाले ते मला सुट्टीला गेल्यावर दिसले. आमचे घर हिवाळ्यात वर्षानुवर्षे दिवसभर बंद असायचे. त्यामुळे शेजारच्या बायांना त्या दिवसांत आमच्याकडे यायची सवयच नव्हती. त्यांचे उन्हात बसायचे ओटे ठरलेले, सोबती ठरलेल्या. आई दोन-तीनदा जाऊन बसली. त्या गावातल्या गावातले बोलत. तिला माहीत असलेली माणसे जंगलापलीकडची होती, ती तिथे कोणी ओळखत नव्हते. तिने जाणे सोडले. दुपारी ती पडवीत बसे आणि हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचे आवाज ऐके. संध्याकाळी वडील आले की ती विचारी.

"कोन कोन आलं होतं?"

"सगडे."

"सगडे म्हंजे कोन?"

"नेहमीचे."

"काय बोलल्या?"

"धान बारीक हाय म्हनत होते. चाळनी बदला लागते."

जाताना ती त्यांच्याकडे निरोप देई. तिला काय सांग, हिला काय विचार. ते मान हलवत. परत आल्यावर कळे की अर्धे राहून गेले आणि अर्धे भलत्याच बाईला सांगितले गेले. एकदा एका गावात त्यांनी नणंदेचा राग भावजयीला पोचवला, तोही शब्दाला शब्द. आईने कपाळावर हात मारला. "पोस्टमन तरी पत्ता वाचते हो!"

सुट्टीत एकदा मी वडिलांबरोबर गेले. आईच्या सीटवर बसले. डॅशबोर्डवर ठेवलेला पाण्याचा ग्लास बोटभर सरकत सरकत कडेला आला, तो मी हातात धरला. संभाषण असे काही झाले नाही. चढ आला की वडील सांगत, "आता पाय." मी पाही. गाडी चढून जाई.

गावात गाडी थांबताच बाया आल्या. इंजिनचा आवाज त्यांनी लांबून ऐकला होता. माप मी घेतले. माझी शीग टिकत नव्हती आणि त्यांना ते दिसत होते. एकीने विचारले, "तू तिची पोरगी?"

"हो."

"लगन?"

"नाही झालं."

"मंग नागपुरात कोनासोबत रायतेस?"

"खोली आहे. एकटी."

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिले. "तुही माय बोलून रायली राहे. तू त नुसतीच ऐकून रायली." मग तिने तिचे धान पुढे सरकवले. कोणी निरोप दिला नाही. आधी आईभोवती ज्या बसून राहत, त्या आता तांदूळ घेऊन सरळ घरी गेल्या. दुपारी वडिलांनी गाडीत बसून डबा खाल्ला. पूर्वी कोणाच्या ना कोणाच्या अंगणातून आईला हाक येई आणि दोघेही तिथेच जेवत. आता हाका येत नव्हत्या. वडील दार उघडे ठेवून, एक पाय बाहेर सोडून जेवत आणि चौकात कोणी नसे.

शेवटच्या गावात पोचलो तेव्हा ऊन कलू लागले होते. नंबर लागलेले होते. मधेच वडिलांनी हलर बंद केला. पट्टा फिरायचा थांबला आणि एकदम शांत झाले. रांगेतल्या बाया पाहू लागल्या. काही बिघडले असेल असे त्यांना वाटले. मलाही तसेच वाटले. वडिलांनी गमछ्याने अंगावरचा कोंडा झटकला, टोपी सारखी केली आणि एका गल्लीत चालू लागले. मी मागे गेले.

एका घराच्या काटेरी कुंपणाबाहेर ते थांबले. आत गेले नाहीत. घसा साफ केला. एक बाई बाहेर आली.

"बाळातीन कशी हाय?" वडिलांनी विचारले.

बाई गोंधळली. "कोन?"

वडिलांनी संक्रांतीला चालत आलेल्या म्हातारीच्या गावाचे नाव घेतले, तिची मुलगी म्हणाले, आणि आमच्या घरून विचारले आहे असे सांगितले. हे त्यांनी वाटेत मनात घोकून ठेवलेले असावे, कारण एका दमात म्हणून टाकले. बाईचा चेहरा बदलला. "बरी हाय जी! आठ दिवस झाले सुटली. दूध बी उतरलं. बसा ना, चहा ठेवतो."

"नाई. मशीन बंद हाय," वडील म्हणाले आणि वळले.

परत फिरल्यावर त्यांचे चालणे भराभर होते. येताना आम्ही म्हातारीच्या गावात थांबलो आणि त्यांनी ते तिच्या दारात जसेच्या तसे सांगितले. बरी हाय. सुटली. दूध उतरलं. म्हातारी रडली. वडील गाडीकडे पाहत उभे राहिले. त्यांना काय करायचे ते कळले नाही, मलाही नाही. आईला कळले असते.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. आई पडवीत उभी होती. वडिलांनी हातपाय धुतले नाहीत. ट्रॉलीचा हुकही सोडला नाही. तसेच पायरीवर बसले आणि स्वतःहून म्हणाले, "गेलतो मी तिच्या घरी."

आई खाली बसली. बसायला तिला वेळ लागे. "मंग?"

"बरी हाय. आठ दिवस झाले. दूध बी उतरलं."

"तिच्या मायले सांगितलं?"

"सांगितलं. रडली."

"रडलच." आईच्या डोळ्यांतही पाणी आले होते. मी तिला कित्येक महिन्यांनी अशी पाहत होते. ती पुढे सरकली. "पोरगा का पोरगी?"

वडिलांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी मान हलवली. मीही विचारले नव्हते.

"ते इचाराचं रायलं," ते म्हणाले.

आई हसली. तोंडाला पदर लावून हसली, पाठ दुखेपर्यंत. वडीलही हसले. मग दोघांचे हसणे थांबले. आईने विचारले, "आता कवा जाल तिकडं?"

"होळीनंतर."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीला हात लावून उठली.